रजा आईची, डोळा काकीचा

पोटच्या पोरानं आपल्याला काकी म्हणावं, हे दुःख कुणाला सांगायची सोय नसते. सांगितलं की लोक हसतात. राजाबाईंनी एवढ्या वर्षांत दोघीतिघींना सांगून पाहिलं होतं. त्यातली एक तर हसता हसता कपातला चहा मांडीवर सांडून बसली, आणि वर पदर झटकत म्हणाली, “अहो, म्हणेना का! मुलगा तर तुमचाच ना?” तेव्हापासून राजाबाईंनी तोंड मिटलं. पण तोंड मिटलं म्हणून राग मिटतो थोडाच?

झालं होतं ते असं. राजाबाई लग्न होऊन धारला आल्या तेव्हा घरात थोरल्या जाऊबाई होत्या, गजराबाई. त्यांना एकच मुलगी, तिला सगळे ताई म्हणत. ताई आपल्या आईला आई म्हणे आणि धाकट्या चुलतीला, म्हणजे राजाबाईंना, काकी. इथवर कुणाचं काही चुकलं नाही. मग राजाबाईंना योगेंद्र झाला. तो बोलायला लागला तो ताईचं बघून. ताई जिला आई म्हणते ती आई, ताई जिला काकी म्हणते ती काकी. पोराला काय, दिसलं ते उचललं. मोठ्यांनी ते वेळीच सुधारायचं, तर मोठ्यांना त्यात कौतुक वाटलं. सासरे आल्यागेल्याला बोलावून दाखवत, “हा बघा, आईला काकी म्हणतो आणि चुलतीला आई. असं एकजीव घर पाहिलंत कुठं?” पाहुणे मान डोलवत. स्वयंपाकघरात राजाबाई भाकरी जरा जास्तच जोरात थापत.

त्यांनी स्वतः पोराला का शिकवलं नाही, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्यानं ते घर पाहिलेलं नाही. दोन पिढ्या दरबारच्या चाकरीत गेलेलं घर. दरबार गेला, चाकरी गेली, रीत मात्र तशीच खुंटीला टांगलेली. वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर आपण उचलायचं नाही, लाडानं जवळ घ्यायचं नाही, ते निर्लज्जपणाचं. योगेंद्र रडला की गजराबाईंनी घ्यायचा, आणि ताई रडली की राजाबाईंनी. फिटंफाट म्हणावं, तर तेही नाही. ताई काकीच्या कडेवर बसूनही आपल्या आईला आईच म्हणत राहिली. नुकसान झालं ते एकट्या राजाबाईंचं.

एकदा मात्र त्यांनी प्रयत्न केला होता. योगेंद्र चारेक वर्षांचा असेल. दुपारची वेळ, सासूबाई पडलेल्या. राजाबाईंनी त्याला कोठीच्या खोलीत नेलं, दार लोटलं, हातात बेसनाचा लाडू दाखवला आणि म्हणाल्या, “म्हण आई.”

“आई स्वयंपाकघरात आहे,” योगेंद्र म्हणाला.

“ती नाही रे. मला म्हण. आई.”

त्यानं लाडवाकडे पाहिलं, राजाबाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. त्याला वाटलं, आपल्या आईचं काहीतरी झालंय आणि ही काकी आपल्याला कोंडून सांगतेय. लाडू खाल्लाच, वर जाऊन सगळ्यांना सांगितलं. सासूबाई रात्री जेवताना कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “लेकराला चुलतीपासून तोडू नये. पाप लागतं.” राजाबाईंनी मान खाली घालून आमटी वाढली. त्या दिवसानंतर लाडू नाही आणि आईही नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना फार सलत असे, ती तर कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. योगेंद्र गजराबाईंना ‘तू’ म्हणे. “आई, तू जेवलीस का?” आणि राजाबाईंना ‘तुम्ही’. “काकी, तुम्ही जेवलात का?” लोक म्हणत, काय वळण आहे मुलाला! जळो ते वळण.

पुढे योगेंद्रला देवासला कारखान्यात नोकरी लागली. राजाबाईंचे यजमान गेले आणि योगेंद्र त्यांना देवासला घेऊन आला. इथं दोन खोल्या जास्त होत्या, नळाला पाणी होतं, सून वेदिका इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली पण स्वभावानं सरळ. लग्न होऊन आल्या दिवशी तिनं विचारलं, “मी यांना काय बोलू?” आणि सगळं धार एका सुरात म्हणालं, “काकी!” झालं. मग नात झाली, आरोही. ती म्हणायला लागली काकीआजी. म्हणजे धड आजीसुद्धा नाही.

कॉलनीत तर कहरच. शेजारच्या बायकांचं मत होतं की योगेंद्रसारखा मुलगा शोधून सापडणार नाही. आजकाल लोक सख्ख्या आईला बघत नाहीत आणि हा काकीला ठेवून घेतो. गच्चीवर पापड वाळवताना एकीनं एकदा फार मायेनं विचारलं, “काकीजी, आपके अपने बच्चे कहाँ हैं?”

“यही है,” राजाबाई म्हणाल्या. “योगेंद्र.”

त्या बाईनं राजाबाईंच्या हातावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “हाँ जी, मानो तो वही सब कुछ है।”

राजाबाईंना वाटलं, हिच्या डोक्यावर पापडाची परात उपडी करावी. केली नाही. पापड स्वतःचे होते.

तर अशा या घरात, या उन्हाळ्यात, धारहून निरोप आला की थोरल्या जाऊबाईंचं काही खरं नाही. सगळे गेले. गजराबाई खाटेवर काडीसारख्या झाल्या होत्या, पण शुद्ध होती. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि राजाबाईंना जवळ बसवलं.

“राजा,” त्या म्हणाल्या, “मी चालले. आता तो तुला आई म्हणेल हो.”

राजाबाईंनी त्यांचे पाय दाबता दाबता “असं बोलू नये” वगैरे जे म्हणायचं ते म्हटलं. पण आतून त्या अशा काही भडकल्या की त्यांची त्यांनाच भीती वाटली. म्हणे आता म्हणेल! जन्मभर वापरलं आणि जाताना जावेला देऊन चालल्या, जसं काही पितळेचं पातेलं. आणि देणाऱ्या या कोण? वस्तू कुणाची होती मुळात? पण मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. जाऊबाईंशी तर धडधाकट असतानाही भांडता आलं नव्हतं, कारण त्या कधी वाईट वागल्याच नाहीत. वाईट वागल्या असत्या तर किती सोपं झालं असतं.

दोन दिवसांनी गजराबाई गेल्या. त्यांना मुलगा नव्हता. अग्नी कोण देणार असं कुणी विचारलंही नाही; योगेंद्र उठला, त्यानं डोक्याचा गोटा केला आणि मडकं उचललं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण स्मशानातून परत आला तो पोरासारखा हुंदके देत. राजगढला दिलेली ताईही एवढी रडली नाही. राजाबाईंच्या डोळ्याला पाणी आलं नाही. त्या तेरा दिवस कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून आल्यागेल्याचं बघत होत्या. कुणीतरी बघायला हवंच ना.

तेरावं आटोपून ते गाडीनं देवासला निघाले तेव्हा मागच्या सीटवर बसून राजाबाईंच्या मनात एक विचार आला. जागा रिकामी झाली. त्यांना लाज वाटली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, देवाचं नाव घेतलं, पण विचार काही गाडीतून उतरायला तयार नव्हता. आता घरात दुसरी आई नाही. आता हा कुणाला आई म्हणणार? भिंतीला? एकदा म्हणाला तरी पुरे. एकदाच. आपलीही आता काही फार वर्षं उरली नाहीत.

इंदूरच्या अलीकडे योगेंद्रनं ढाब्यावर गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, वाकला आणि म्हणाला, “काकी, तुम्ही चहा घेणार?”

“नको,” राजाबाई म्हणाल्या. चहावाचून डोकं फुटत होतं, तरी नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. वेदिका आंघोळीला गेलेली, योगेंद्र आत फोनवर. राजाबाईंनी दार उघडलं.

दारात सहा माणसं उभी होती, पाच पुरुष आणि एक बाई, सगळी पांढऱ्या कपड्यांत. सर्वांत पुढे कारखान्याचे नागर साहेब, हातात मोगऱ्याचा जाडजूड हार. राजाबाईंनी त्यांना ओळखलं. गेल्या वर्षी राजाबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा हेच नागर साहेब दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले होते आणि “माताजी, माताजी” करत पाया पडले होते.

नागर साहेबांनीही राजाबाईंना ओळखलं. ओळखलं म्हणूनच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हार धरलेले हात अर्धे वर आले होते, ते तसेच राहिले. त्यांच्यामागची बाई “हे राम” म्हणून एक पायरी खाली उतरली. सर्वांत मागून कुणीतरी कुजबुजलं, पण चांगलं ऐकू येईल असं, “अरे भिया, माताजी तो ये खड़ी हैं!”

ही मंडळी राजाबाईंच्याच शोकाला आली होती. योगेंद्रनं धारहून फोन केला होता, “साब, मेरी आई नहीं रहीं।” देवासात पानवाल्यालाही आई म्हणजे काय ते कळतं. नागर साहेबांनी जागच्या जागी रजा मंजूर केली, आणि कारखान्याच्या ग्रुपवर ‘योगेंद्र जी की पूज्य माताजी’ म्हणून निरोप फिरला. त्या पूज्य माताजी आता कणकेच्या हातांनी दारात उभ्या होत्या.

“आइए, बैठिए,” राजाबाई म्हणाल्या. माणूस दारात आला की आधी बसवायचा, मग पुढचं.

सहाही जण आत येऊन सोफ्याच्या कडेकडेला बसले. वेदिका ओले केस बांधत पाणी घेऊन आली आणि राजाबाईंच्या कानाशी लागली, “काकी, हे लोक तुम्हाला असं का देखतायत?”

“मला काय ठाऊक? मी मेले असं वाटतंय त्यांना,” राजाबाई म्हणाल्या. त्यांना एव्हाना अंदाज आला होता.

तेवढ्यात योगेंद्र बाहेर आला, चकचकीत गोटा, हात जोडलेले. नागर साहेब उठून उभे राहिले. सज्जन माणूस, पण नोकरीत केस पांढरे झालेले.

“योगेंद्र जी,” ते म्हणाले, “पहले तो भगवान की कृपा है, माताजी स्वस्थ हैं। पर फिर... गया कौन?”

“आई, साब।”

“किसकी?”

“मेरी।”

“तो ये?”

योगेंद्रनं राजाबाईंकडे पाहिलं. “ये तो काकी हैं,” तो म्हणाला.

हा शब्द राजाबाईंनी आयुष्यात लाखदा ऐकला असेल. पण आपल्याच घरात, सहा परक्या माणसांसमोर, असा नाव-गाव सांगावं तसा सांगितलेला आज पहिल्यांदाच ऐकला.

नागर साहेब पुन्हा बसले. त्यांनी हार मांडीवर ठेवला. “देखिए, बुरा मत मानना,” ते म्हणाले. “आदमी आप सीधे हो, सब जानते हैं। पर दस्तख़त मेरे हैं। माता-पिता के लिए पूरे तेरह दिन मिलते हैं, काकी और बड़ी माँ के लिए तीन। और आँख का ऑपरेशन कंपनी माता-पिता का कराती है, काकी का नहीं। अब ये माताजी हैं तो छुट्टी ग़लत, और काकी हैं तो आँख ग़लत। ऊपर से पूछेंगे तो मैं क्या बोलूँ?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. योगेंद्र कारखान्यात नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखतो म्हणतात. इथं त्याला एक सरळ वाक्य बोलायचं होतं, की हिनं मला जन्म दिला. तेवढं त्याच्या तोंडून निघेना. निघतं म्हटलं की गजराबाई परक्या होत होत्या, आणि त्यांच्या राखेला अजून पंधरा दिवस झाले नव्हते.

“साब, वो घर में ऐसा था,” तो म्हणाला, “ताई पहले हुई, तो ताई उनको आई बोलती थी, फिर मैं हुआ...”

“ताई मतलब बड़ी काकी?” नागर साहेबांनी विचारलं. हिंदीत ताई म्हणजे तीच.

“नहीं, ताई मतलब बहन।”

“तो बहन गई?”

“बहन राजगढ़ में है, साब।”

वेदिकानं मदतीला यायचं ठरवलं. “सर, मैं समझाती हूँ। इनके यहाँ आई मतलब बड़ी मम्मी, और काकी मतलब मम्मी।”

“और मम्मी मतलब?” पायरी उतरलेल्या बाईंनी विचारलं.

“मम्मी तो मेरी हैं। इंदौर में।”

कुणीतरी खोकलं. राजाबाईंना वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. आपलं नको, या सगळ्यांचं, एकेकाचं रांगेनं. पन्नास वर्षांमागं सासऱ्यांनी एका पोराला एक शब्द शिकवला असता, तर आज सहा माणसं आणि एक हार घरात अडकून पडली नसती.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की सगळे आपल्याकडेच बघताहेत. योगेंद्रसुद्धा. ही वेळ होती. मागायला जावं लागलं नाही, चालत दारात आली होती. नुसतं म्हणायचं, “मैं हूँ इसकी माँ।” खोटं काहीच नव्हतं. सहा साक्षीदार समोर, सून समोर, आणि ज्यानं ऐकायला हवं होतं तोही समोर. एकदा बोललं की मग तो नाही कसं म्हणेल? राजाबाईंनी तोंड उघडलं.

उघडलं आणि त्यांना योगेंद्रचा गोटा दिसला. आपण आई, तर मग हे मुंडण कुणाच्या नावाचं? चुलतीच्या. तीन दिवसांच्या. टायफॉइडमध्ये पोर महिनाभर अंथरुणाला खिळलेलं, तेव्हा त्याच्या उशाशी रात्री कुणी काढल्या? सासूबाईंच्या धाकानं राजाबाई दाराच्या फटीतून बघत होत्या, आणि गजराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळी त्यांच्या पायाला मुंग्या येऊन उठता येत नसे. ती बाई आता राजाबाईंच्या एका वाक्यानं तीन दिवसांची होणार होती. राजाबाईंना सगळ्यांचाच संताप आला. सासऱ्यांचा, सासूचा, नागर साहेबांचा, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या लेकाचा, आणि सर्वांत जास्त जाऊबाईंचा. मेल्यावरसुद्धा धड रागावू देत नव्हत्या.

“साहब,” राजाबाई म्हणाल्या, “लिखना है तो लिख लो। इसको पेट से मैंने निकाला। ये मेरी आँख, ये कंपनी ने सुधारी, तो बराबर सुधारी। और जो गई वो मेरी जेठानी। इसको बड़ा उसने किया, इसकी आई वो थी। मुंडी उसके नाम की मुंडवाई, तो वो भी बराबर। छुट्टी बराबर, आँख बराबर। अब माँ एकच होनी चाहिए, ऐसा कंपनी का कोई नियम है क्या? होगा तो दिखाओ।”

योगेंद्र आ वासून बघत राहिला. राजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यभर राखून ठेवलेलं आपल्या हातानं दुसरीच्या पदरात टाकलं होतं. आता बघायचं काय राहिलं होतं?

नागर साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“नियम तो नहीं है, माताजी,” ते म्हणाले. “मैं खुद अपनी माँ को ज़िंदगी भर भाभी बोला। काका लोग भाभी बोलते थे, तो हम सब भाई-बहन भी भाभी बोलते थे।”

राजाबाईंचा भडका उडाला. “तो फिर इतनी देर से ये पंचायत किसलिए चल रही थी?”

“नौकरी है, माताजी। पूछना पड़ता है।”

“और आख़िर में? मरते टाइम भी भाभी बोला?”

“भाभी ही बोला,” नागर साहेब म्हणाले. “और क्या बोलता? दूसरा कुछ बोलता तो वो समझती किसी और को बुला रहा हूँ।”

राजाबाई चहा टाकायला आत गेल्या. धारहून आणलेला गजराबाईंचा फोटो योगेंद्रनं खुर्चीवर ठेवला, नागर साहेबांनी हार घातला, सहा जणांनी दोन मिनिटं डोळे मिटले. मग चहा झाला, देवासचं ऊन आणि इंदूरचा रस्ता झाला, आणि मंडळी उठली. जाताना नागर साहेब राजाबाईंच्या पाया पडले. वरच्या साहेबांचं मी बघतो, असं त्यांनी योगेंद्रला जिन्यात सांगितलं.

दुपारी घर शांत झालं. वेदिका आणि आरोही झोपल्या. राजाबाई स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. डोकं अजून गरमच होतं, त्यामुळे शेंगा कटाकट मोडत होत्या. योगेंद्र दोनदा दारापर्यंत येऊन गेला. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. माठावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा आला तो चौकटीला धरून उभाच राहिला. काहीतरी जुळवत होता. राजाबाईंची त्याच्याकडे पाठ होती.

“आई,” योगेंद्र म्हणाला.

राजाबाईंनी शेंग मोडता मोडता मान आतल्या खोलीकडे वळवली आणि आवाज चढवून हाक दिली, “अहो जाऊबाई, योगेंद्र बोलावतोय!”

धारच्या घरात ते काम त्यांचंच होतं. गजराबाईंना एका कानानं कमी ऐकू येई. पोरगा अंगणातून, ओसरीतून, परीक्षेहून आल्या आल्या “आई” म्हणून ओरडला की ते आत पोचवायचं राजाबाईंनी. पोळी तव्यावर असो, हात पिठात असो, तोंडातून आपोआप निघायचं. राग यायचा, आणि रागातही निघायचंच. आताही तसंच निघालं.

आतल्या खोलीतून ओ आली नाही. राजाबाई थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना कळायला जरा वेळ लागला. हातातली शेंग खाली पडली. “आले गं” म्हणून गुडघ्यावर हात टेकत उठणारी ती बाई आता कुठल्याच खोलीत नव्हती, आणि दारातल्या पोराला ओ देणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

मग त्यांना रडू फुटलं. धारला आलं नव्हतं ते सगळं एकदम. ताटलीतल्या शेंगा फरशीवर सांडल्या. योगेंद्र घाबरून खाली बसला, त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

“काकी! काकी, काय झालं? काकी!”

“काकी काकी काय लावलंयस!” राजाबाई पदरानं नाक पुसत त्याच्यावर खेकसल्या. “मी आहे इथंच. त्या गेल्यात रे.”